एक दात जास्त

सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला मी माझ्या पोटच्या पोरीचा सुळा तासला, आणि तो तिचा आहे हे मला तासून झाल्यावर कळलं. प्लॅस्टरचा होता, खरा नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांना काय, जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची एवढंच काम. मी दातांच्या लॅबमध्ये असते. डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून माप घेतो, त्या मापात प्लॅस्टर ओतलं की जबडा तयार होतो, आणि तो जबडा खोक्यात बसून आमच्याकडे येतो. त्यावर मी मेणाचे दात घडवते, मग पावडरकाका त्यांचे चिनी मातीचे दात करतात. पेशंटला आमचा पत्ता माहीत नसतो, आम्हाला पेशंटचं नाव. खोक्यावर एक नंबर, एक वय आणि डॉक्टरची चिठ्ठी. लॅब तळघरात आहे, खिडकी छताला लागून, आणि तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात. पंचवीस वर्षं मी माणसांचे एक तर दात बघते नाहीतर पाय, मधला माणूस मला भेटतच नाही, असं मी नेहमी गमतीने सांगायचे. तर चिठ्ठीत लिहिलं होतं, वय एकोणीस, वरचे पुढचे सहा दात, डावा सुळा फार पुढे आहे तो ओळीत घ्यावा, रंग सगळ्यांत पांढरा, मेणात रूप करून बुधवारपर्यंत द्यावं, तासणी गुरुवारी दुपारी चार. सोबत फोनवरून छापून काढलेला एक फोटो, नुसते ओठ आणि हसू. दिवसाला असे तीस-चाळीस जबडे हातावेगळे करते मी. मोटर चालू केली, पिन टेकवली, दोन फटक्यांत पुढे आलेला सुळा उडाला. मग धूळ फुंकून जबडा आतून बघायला उलटा केला आणि अंगठा नेहमीसारखा पुढच्या दाताच्या कडेवरून फिरवला. तिथे एक टवका होता. माझ्या अंगठ्याला तो माझ्याआधी ओळखू आला. चिंगी सात वर्षांची असताना बागेतल्या घसरगुंडीवर खालून वर चढत होती आणि आपटली, तेव्हाचा तो टवका. तुटलेला कण मुठीत घेऊन ती रक्ताळलेल्या तोंडाने हसत माझ्याकडे आली होती, "आई, हा परत चिकटव, तुला येतं ना." त्या टवक्यामागे टाळूच्या वळ्या, डावीकडची एक दुभंगलेली. तो कण मला चिकटवता आला नव्हता, आणि आता ते अख्खं तोंड माझ्या हातात आलं होतं, माझ्या ओंजळीत, पांढरं, गार, आणि सुळा नसलेलं.

"ताई, भूत बघितल्यासारखी बसलीयस," पावडरकाका म्हणाले. ते तीस वर्षं पावडर थापतायत, त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या आहेत, त्या वयाने की पावडरने हे कोणालाच ठाऊक नाही. मी जबडा त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, "ही आमची चिंगी." त्यांनी खोकं बघितलं. "वय एकोणीस लिहिलंय." "सोळाची आहे." त्यांनी मोटर बंद केली आणि आमच्या दोन्ही टेबलांवरचे दिवे तेवढे चालू राहिले. मी फोटो उचलला. ओठ तिचेच, खालच्या ओठावर तीळही तिचाच. दात मात्र तिचे नव्हते. फोनमध्ये म्हणे एक बटण असतं, ते दाबलं की तोंड सुधारून मिळतं. सवयीने मी मोजायला लागले. मधल्या रेषेपासून डावीकडे एक, दोन, तीन, मग सुळा. पुन्हा मोजले. काकांना दिला, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मोजले. तीनच. मधल्या रेषेपासून सुळ्यापर्यंत माणसाला दोन दात असतात, तुम्ही कोणीही असा. फोनने घाईघाईत एक दात जास्त घुसवला होता आणि त्या झगमगाटात तो कोणाच्या बापाच्या लक्षात आला नव्हता. डॉक्टरच्याही नाही, हे विशेष. "असलं तोंड माणसाला बसायचं नाही," काका म्हणाले. आणि असल्या तोंडासाठी गुरुवारी चार वाजता माझ्या मुलीचे सहा निरोगी दात कायमचे तासले जाणार होते. दात काही नख नाही, तासला की परत येत नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की फोटो फाडायला हात उचलला होता, पण पुरावा म्हणून पिशवीत टाकला.

पाच महिन्यांपूर्वी तिच्या वर्गातल्या कोणीतरी तिची हसतानाची चित्रफीत काढली. नऊ सेकंदांची. चिंगीचं हसणं म्हणजे काय हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही, ती आधी मागे रेलते, मग आवाज येतो, मग वरचा ओठ सुळ्यावर अडकतो आणि ती तो बोटाने सोडवते आणि त्यालाच पुन्हा हसते. कोणीतरी नेमका तो ओठ अडकल्याचा क्षण सावकाश केला आणि त्यावर बाटलीचं झाकण उडाल्याचा आवाज टाकला. ओपनर. हे तिचं नाव पडलं. चार लाख लोकांनी ते बघितलं. चार लाख! एवढे जबडे मी पंचवीस वर्षांतसुद्धा हाताळलेले नाहीत. त्यातल्या कोणालाच तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं, कोणी घरातून निघताना बघितलं असेल, कोणी संडासात बसून, बोटाने वर सरकवलं असेल आणि विसरून गेले असतील. विसरली नाही ती एकच. त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, फोन पुढे धरला. मी बघितलं. आणि मी काय करावं? तिची हनुवटी धरून तोंड ट्यूबलाइटकडे वळवलं, ओठ अंगठ्याने वर केला आणि म्हटलं, "चावा एकदम व्यवस्थित आहे. दात निरोगी आहे. फारच वाटलं तर पुढे कॅप बसवू, दोन मिनिटांचं काम." तिने काही विचारलं नव्हतं. ती रडायला आली होती आणि मी तिला चिठ्ठी लिहून दिली. मग ओट्याकडे वळून मी राहिलेली भाजी चिरायला घेतली.

त्यानंतर तिचा हात तोंडावर गेला तो गेलाच. बोलताना हात, खाताना हात, पुढेपुढे तर एकटी बसलेली असतानाही हात. जेवायला आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, म्हणायची पंखा लागतो. घरात ओठ मिटलेले आणि फोनमध्ये बत्तीशी उघडी, कारण तिथे ते बटण होतं. दिवसाला शंभर-दीडशे फोटो काढायची, त्यातला एक टाकायची, आणि त्या एकाला लोक गोड गोड लिहायचे. मग झाली पंचाईत. ज्यांनी ते तोंड बघितलं त्यांच्यासमोर हे तोंड घेऊन जायचं कसं? मैत्रिणींच्या घरी जाणं बंद, शाळेच्या सहलीला ताप, वर्गात मास्क. वजन उतरलं. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, फोन कमी करा. मी शहाणी, फोन काढूनच घेतला चार दिवस. ती चार दिवस भिंतीकडे बघत बसली होती, नखं कुरतडत, आणि शेवटी म्हणाली, "तू फोन घेतलास म्हणून ते लिहायचे थांबलेत का? मला फक्त कळत नाहीये काय लिहितायत." खरंच होतं, मी गुपचूप फोन परत दिला. नवरा म्हणाला, "हे वयच असं असतं." तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला प्रत्येक गोष्ट कुठेतरी अडकलेली वाटते आणि जोरात हलवली की सुटेल असं वाटतं. मी म्हटलं, "वयाला कशाला बोल लावता? वय आपल्यालाही होतं. आपल्याला हसायला गल्लीतली दहा टाळकी होती, आणि ती दहाही संध्याकाळी जेवायला घरी जायची." एकदा चिंगीने मला विचारलं होतं, "आई, मी बोलते तेव्हा तू माझ्या डोळ्यांकडे बघतेस की दाताकडे?" मी म्हटलं डोळ्यांकडे. थापच ती. पंचवीस वर्षांची सवय, मी कोणाच्याच डोळ्यांकडे बघत नाही.

पण मला जे सगळ्यांत जास्त टोचत होतं ते वेगळंच होतं, ती शिट्टी मारायची थांबली होती. त्या सुळ्याच्या शेजारी एक फट आहे, जीभ तिथे टेकवून ती अशी शिट्टी मारायची की चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून मारली की मी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जागच्या जागी थांबायचे. डबा विसरला, छत्री विसरली, किल्ली विसरली. शेजारच्यांची कुत्री भुंकायची, खालचे आजोबा ओरडायचे, "कोण तो मवाली!" आणि ती वर उभी राहून खिदळायची. ही शिट्टी माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते उंच इमारतींना मचाण बांधायचे, वर दोन्ही हात पाइपाला गुंतलेले, खालच्याला हाक कशी मारणार? म्हणून शिट्टी, बोटं न लावता, नुसती दातांतून. एक म्हणजे पाइप सोड, दोन म्हणजे थांब, आणि लांबलचक एक, शेवटी उडवलेली, म्हणजे ती माझी. मी खाली उभी आहे हे त्यांना दिसलं की ती यायची. त्यांचा डावा सुळा असाच पुढे होता. चिंगी लहानपणी आरशात बघून विचारायची, "मी कोणावर गेले?" आणि मी सांगायचे, "आजोबांवर." हेही अर्धंच खरं होतं, कारण आजोबांवरून तो दात चिंगीकडे उडी मारून आलेला नाही. मधे मी आहे.

हो, माझाही होता. बावीस वर्षांची होते, लॅबमध्ये नवीन. माझे उस्ताद, ज्यांनी मला मेण धरायला शिकवलं, ते एक दिवस म्हणाले, "दात बनवणाऱ्या पोरीचे दात असे? दुकानावर वाकडी पाटी लावतं का कोणी?" सगळे हसले. मीही हसले, ओठ सांभाळून. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरने तासून दिला आणि त्यावरची कॅप मी स्वतः बनवली, माझ्या हातची पहिली कॅप, तीन रविवार खर्चून. इतकी झकास उतरली होती की उस्तादांनी ती सगळ्यांना दाखवली. घरी गेले. दादांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा कोणाचा दात?" बस, एवढंच. रागावले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी मला शिट्टी मारणं सोडलं, कारण मला उत्तर देता येईना. आधी आमचं चालायचं, वरून एक, खालून एक. कॅप बसल्यावर फट बुजली, मी तोंड वाकडंतिकडं करून बघितलं, नुसता वारा. मी ते इतकं मनाआड केलं की नवऱ्यालाही सांगितलं नाही. दोनदा ती कॅप सुटली, दोन्हीदा मीच लॅबमध्ये, सगळे चहाला गेल्यावर, सिमेंट लावून बसवली.

सोमवारी संध्याकाळी घरी मी काही बोलले नाही. मंगळवारी बहिणीला फोन लावला, कारण सोळाच्या पोरीला एकोणीस करून दवाखान्यात नेणारं दुसरं कोणी आमच्यात नाही. चिंगीची मावशी म्हणजे हौशी बाई, रडणाऱ्याला खेळणं द्यायचं आणि मोकळं व्हायचं. म्हटलं, "काय करून ठेवलंस?" ती आधी गडबडली, मग तिनेच माझ्यावर चढाई केली. "वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणाली दात. पोरगी झुरत चाललीय, तुला दिसत नाही? आणि तू कशाला एवढी उसळतेस? तूच म्हणालीस ना तिला, कॅप बसवू, दोन मिनिटांचं काम? ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, मावशी, आईलासुद्धा तो दात आवडत नाही." मी फोन ठेवला. चार लाख लोक हसले ते तिने एकवेळ पचवलंही असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. एक माणूस हसला नाही, त्याने फक्त ओठ वर करून दात तपासला, ते तिला पचलं नाही, आणि तो माणूस मी होते.

दवाखान्याला एक फोन केला असता तर प्रकरण संपलं असतं. पोर सोळाची आहे, आई म्हणून माझी परवानगी नाही, विषय बंद. मंगळवारी दोनदा नंबर काढला. पण मग काय? दोन वर्षांनी ती अठराची झाली असती, आणि तोवर त्या दाताचा राग साठवत राहिली असती, आणि माझाही. बुधवारी मी दुपारनंतर रजा टाकली. ती पाच वाजता आली, मास्क लावून, दप्तर टाकलं आणि खोलीकडे निघाली. मी म्हटलं, "बस इथे," आणि जेवणाच्या टेबलावर तो प्लॅस्टरचा जबडा ठेवला. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "हा तुझ्याकडे कसा आला?"

"दवाखान्यातून खोकी कुठे जातात असं वाटलं तुला? खोक्यावर नाव नसतं, वय तू बदललंस. टाळू बदलायला विसरलीस."

तिने बोटाने सुळ्याला हात लावला, जिथे सुळा असायला हवा होता तिथे. "हा कोणी तोडला?"

"मी. न बघता. चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणून." मग मी फोटो काढून शेजारी ठेवला. "आता मोज. मधल्या रेषेपासून." ती मोजायला लागली, मास्क खाली ओढून, दोन्ही हातांनी फोटो धरून, ओठ हलवत. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचं तोंड माझ्यासमोर उघडं होतं आणि मी हट्टाने तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. "एक जास्त आहे," ती म्हणाली. मला वाटलं, जिंकले. कसलं काय! तिने फोटो टेबलावर आपटला. "तुला काय वाटलं, मला माहीत नाही ते खोटं आहे? मी मूर्ख आहे? एक जास्त असो नाहीतर दहा असोत. ह्याला कोणी हसत नाही, कळलं? मला तेच हवंय. मी वर्गात शिरले की कोणीतरी तोंडाने टॉक करून झाकण उडवतं. रोज. तू असतेस का तिथे? तू असतेस तळघरात." तिचा आवाज चिरकला. "मी झोपते तेव्हासुद्धा मला ते टॉक ऐकू येतं, आई."

माझ्याकडे शब्द असते तर पाच महिन्यांपूर्वीच दिले असते. मी पिशवीतून आकडा काढला, कॅप उपटायचा, लॅबमधून घेऊन आले होते. तिला वाटलं मी तिच्याकडे येतेय, ती खुर्चीसकट मागे सरकली. मी तो माझ्याच तोंडात घातला, कॅपच्या कडेला अडकवला आणि एक हिसका दिला. पहिल्या हिसक्याला नुसती कळ आली, डोळ्यांपुढे काजवे. दुसऱ्याला खट्‌ झालं. कॅप जिभेवर पडली. मी ती काढून जबड्याशेजारी ठेवली आणि ओठ वर केला. "हे बघ. दात तासला की खाली हे उरतं." तिथे काय आहे ते मला आरशाशिवाय माहीत आहे, एक पिवळट, बारका खुंट, पेन्सिल संपत आल्यावर राहतो तेवढा. हवा लागली की ठणका जातो थेट कानापर्यंत. "बावीस वर्षांची होते. मलाही हसले होते. सगळे मिळून पाच जण होते, पण मला पुरले."

चिंगी बघत राहिली. मला वाटलं जवळ येईल. ती उभी राहिली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. "तू पण?" ती म्हणाली. "तुझा पण होता? मी विचारलं होतं तुला, मी कोणावर गेले. तू म्हणालीस आजोबांवर. मला वाटायचं, ह्या घरात मीच एक अशी. तू रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतीस, आणि तोंडात ते घालून!"

"हो."

"आणि वर मला म्हणालीस दोन मिनिटांचं काम!"

"हो. चुकले मी. दात बघितला, तुला नाही बघितलं. आणि मी घाबरट होते, म्हणून तुला सांगितलं नाही. आता ऐक." माझी जीभ त्या खुंटाला लागून बोबडी वळत होती, पण थांबले असते तर पुन्हा बोलले नसते. "तो दात माझ्या बापाचा आहे. मी माझा दिला टाकून पाच जणांच्या हसण्यासाठी, त्यांतल्या एकाचंही तोंड मला आज आठवत नाही. त्या चार लाखांचा तुझ्या तोंडावर काय हक्क? त्यांनी तुला गिळायला घातलं का, बोलायला शिकवलं का? मी काही त्यांच्यासाठी तुझे सहा दात घडवून देणार नाही. उद्या साडेतीनपर्यंत तू मला सांग की तू जात नाहीयेस. नाही सांगितलंस, तर पावणेचारला मी दवाखान्यात फोन करीन आणि सगळं उधळून लावीन. मग जन्मभर माझ्यावर दात धर."

"ही धमकी आहे?"

"धमकीच आहे. गोड बोलून एकदा बघितलं, काय झालं ते समोर आहे."

तिने जबडा उचलला आणि खोलीत जाऊन दार आपटलं. साडेसातला नवरा आला, माझ्याकडे बघून दारातच थबकला, "तोंडाला काय झालं?" मी म्हटलं, "लग्नाआधीचं आहे, जेवून झाल्यावर सांगते." त्याने बिचाऱ्याने तिन्ही ताटं मुकाट्याने घेतली. तिसऱ्या ताटावर झाकण राहिलं.

गुरुवारी मी कॅप बसवली नाही. तशीच लॅबला गेले, बसमध्ये खिडकी उघडी होती, वारा लागून डोळ्यांत पाणी येत होतं, समोरची बाई माझ्या तोंडाकडे बघून मान फिरवत होती. मी तिच्याकडे बघून मुद्दाम हसले. मजा वाटली, खरं सांगायचं तर, पंचवीस वर्षांत एवढी मोकळी हवा तोंडात गेली नव्हती. मालक दहा वाजता आले आणि त्यांना एकाच वेळी दोन धक्के बसले, एक माझं तोंड आणि दुसरी मी दवाखान्याला परत पाठवायला काढून ठेवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर डॉक्टरच्या अक्षराखाली मी लिहिलं होतं, काम नाकारलं, सगळे दात निरोगी आहेत, फोटोत एक दात जास्त आहे, मोजून घ्यावा. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का? एवढा मोठा दवाखाना! कारागिराने डॉक्टरला शिकवायचं?"

"दात मोजायला तेवढं शिकवलंय."

"आणि हे काय ध्यान! आधी ती कॅप लावा. कोणी बघितलं तर काय म्हणेल? दातांच्या लॅबमधली बाई!"

"वाकडी पाटी म्हणेल," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही. काकांनी हळूच खोकल्याचं नाटक केलं. मालक फोनवर बोलत, हातवारे करत आत-बाहेर करत राहिले, आज ना उद्या मला जायला सांगणार हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. सांगा, मी मनात म्हटलं, मेण धरता येणारा हात अजून कुठेही खपतो. पण हा ताठा सगळा वरवरचा होता. आत एकच गोष्ट चालू होती, घड्याळ. एक वाजला, दोन वाजले. मी एका म्हाताऱ्याची कवळी करत होते, त्याच्या हिरड्या मेणात गुलाबी रंगवत होते आणि दर पाच मिनिटांनी फोन उलटा करून बघत होते. काही नाही. तीन. नुसत्या चिठ्ठीने तासणी थांबणार नव्हती, डॉक्टरला दुसरी लॅब मिळाली असती. फोन करीन म्हटलं होतं खरं, करणारच होते, पण करणं म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. दात वाचला असता आणि पोरगी गेली असती, त्याच घरात राहून, पाठ करून जेवत. साडेतीन. काकांनी पावडरचा हात पुसला आणि विचारलं, "करतेस?" मी म्हटलं, "पंधरा मिनिटं आहेत." खिडकीतून पाय जात होते, काळे बूट, चपला, एक सायकल, कोणाची तरी ओढत नेलेली चाकांची बॅग. मी नंबर काढून फोन मेणाच्या डब्याशेजारी ठेवला. पावणेचारला दोन मिनिटं असताना उचलला.

तेव्हा ती आली. आधी मला वाटलं माझ्याच कानात वाजलं. लांबलचक एक, शेवटी उडवलेली. खिडकीच्या गजांमधून थेट आत. वर बघितलं तर हिरवे कापडी बूट होते, एकाला पांढरी नाडी, एकाला लाल, ती लाल मीच ओवून दिलेली. तिच्या आजूबाजूचे पाय थांबले. एक काळी जोडी वळली. दोन पांढरे बूट मागे फिरून तिच्यासमोर येऊन उभे राहिले, टाचा किंचित उचललेल्या, हातात फोन वर धरून कोणी उभं राहतं तसे. हिरवे बूट हलले नाहीत. उलट ते थोडे फाकले, नीट रोवले, आणि त्याहून मोठी दुसरी शिट्टी आली, त्या पांढऱ्या बुटांच्या तोंडावरच. पांढरे बूट एक पाऊल मागे सरकले. वरून कोणीतरी खो खो हसलं, आणि तो आवाज मी चार लाखांत ओळखला असता, आधी थोडा थांबणारा, मग फुटणारा, मग मधेच अडकणारा.

मालक आतून तणतणत आले. "कोण मवाली शिट्ट्या मारतोय भरदुपारी?"

"माझी मुलगी आहे," मी म्हटलं.

काकांनी स्टूल खिडकीखाली सरकवलं, एका हाताने ते धरून ठेवलं. मी वर चढले, गज पकडले, तोंड गजांमधे घातलं. तिचे घोटे माझ्या नाकासमोर होते. जीभ त्या खुंटाशेजारी टेकवली, जिथे पंचवीस वर्षांपूर्वी टेकवायचे तिथे, आणि जोर लावून फुंकलं. नुसता फुस्स आवाज झाला, ठणका कानापर्यंत गेला, डोळ्यांतून घळघळा पाणी. हिरवे बूट वळले. मग गुडघे खाली आले, मग हात, आणि मग तिचं तोंड, रस्त्यावर ओणवं, उलटं, मास्क नाही, हात नाही. "तुला येत नाही, आई," ती म्हणाली. "जीभ थोडी वर घे." मी जीभ थोडी वर घेतली आणि पुन्हा फुंकलं.